विजेरी कुठून झिजते

१९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट या दोन संशोधकांनी एक युक्ती शोधली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे सुटे भाग खाऱ्या पाण्याने पोखरले जात होते. तो भाग क्रोमिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली, तर धातूच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढतो आणि खाऱ्या पाण्याचा त्याच्यापुढे फारसा निभाव लागत नाही, असं त्यांना दिसलं. हेच ॲनोडायझिंग. आज शेन्झेनहून आलेला बोटभर टॉर्च पुण्यात कुणाच्या तरी खिशात किल्ल्यांशेजारी पडलेला असतो. त्याच्या अंगावरचा काळा-राखाडी थर या युक्तीच्या तिसऱ्या पिढीतला. विमानापासून खिशापर्यंत यायला त्याला पन्नासेक वर्षं लागली. दरम्यान टॉर्चने बरेच पोशाख बदलले होते, आणि त्यातला एकही मुळात टॉर्चसाठी शिवलेला नव्हता. निकेल आलं ते चुली आणि सायकलींकडून, क्रोम मोटारगाड्यांकडून, ऑलिव्ह रंग लष्कराकडून. प्रत्येक पोशाख आपापल्या ठरलेल्या जागी फाटला. ती जागा बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या अंदाजापेक्षा वेगळी निघाली.

अगदी पहिल्या टॉर्चना तर धातूचं अंगच नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी नळीच्या आकाराच्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ६१७५९२. ते त्याने कॉनरॅड ह्युबर्टच्या कंपनीला दिलं. मिन्स्कहून अमेरिकेत आलेला हा ह्युबर्ट पुढे ‘एव्हरेडी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या धंद्याचा मूळ पुरुष. त्याच्या पहिल्या मालात कागद आणि फायबरची नळी होती, पुढे पितळेचा ओबडधोबड परावर्तक आणि दिवा. काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिले गेले आणि त्यांच्या पसंतीच्या शब्दांवर पुढची जाहिरात उभी राहिली. कार्बनची तार असलेला तो दिवा आणि तेव्हाचे अशक्त सेल यांच्यामुळे उजेड क्षणभरच पडायचा, मग सेलना दम खाऊ द्यावा लागायचा. अशा वस्तूचं बाहेरचं अंग किती वर्षं टिकेल, हा प्रश्न कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. आतला जीव नळीच्या कितीतरी आधी जात होता.

१९१०च्या सुमाराला टंगस्टनची तार असलेले दिवे आले, सेल सुधारले आणि टॉर्च मिनिटांऐवजी तास मोजू लागला. मग तो गाडीच्या पेटीत, रखवालदाराच्या हातात, शेतातल्या खोपटात गेला आणि पावसात भिजू लागला. आता त्याला धातूचं अंग हवं होतं. पितळेचा पातळ पत्रा वळवून नळी करणं सोपं. पण उघडं पितळ घामाने काळवंडतं, हाताला वास येतो, आणि दुकानाच्या काचेमागे ते काही गिऱ्हाइकाला बोलवत नाही. त्यावर उपाय तयारच होता. बोस्टनच्या आयझॅक ॲडम्स ज्युनियरने १८६९ मध्ये निकेलचा मुलामा चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या शेगड्या, सायकलींचे हँडल, शस्त्रक्रियेची हत्यारं निकेलने चकाकत होती. १९१६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ऑलिव्हर वॉट्सने निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचं गरम द्रावण सुचवलं. त्याने हेच काम कितीतरी जलद झालं. मुलामा चढवणाऱ्यांच्या जगात आजही त्याला ‘वॉट्स बाथ’च म्हणतात.

निकेल चिवट असतं, पण कालांतराने त्यावर पिवळसर झाक येते. मग माणूस ते घासतो, आणि घासलं की थर कमी होतो. जुन्या टॉर्चच्या नळीवर पकड घट्ट बसावी म्हणून उभ्या रेघा किंवा कंगोरे असत. पितळ पहिल्यांदा डोकावलं ते त्या कंगोऱ्यांच्या माथ्यावर. हाताची पकड नेमकी तिथेच, आणि फडक्याचा जोरही तिथेच.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस मोटारींचे बंपर क्रोमने झळकू लागले आणि टॉर्चवाल्यांनी तेही उचललं. क्रोम निळसर पांढरं दिसतं, सहसा काळवंडत नाही, आणि निकेलपेक्षा खूप कठीण असतं. मात्र शोभेचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून राखण्याचं खरं काम त्याच्याखालचं निकेल करतं. क्रोम फक्त ते निकेल मळू देत नाही. त्या पातळ थरात डोळ्याला न दिसणाऱ्या फटी असतात, आणि मिठाची हवा अशी फट बरोबर शोधून काढते. गुळगुळीत, चकाकत्या नळीवर सुईच्या टोकाएवढे हिरवट किंवा तांबूस ठिपके दिसू लागतात. ठिपका हिरवा असेल तर खाली पितळ, तांबूस असेल तर पोलाद. किनारपट्टीवरच्या घरांत जुनी क्रोमची वस्तू असेल, तर हे ठिपके ओळखीचे असतातच. टॉर्च जितका स्वस्त, तितका निकेलचा थर पातळ आणि तितके ठिपके लवकर. क्रोमची चकाकी दोन्हीकडे सारखीच असल्याने दुकानात हा फरक कळत नाही. मुलाम्याच्या धंद्यातली लबाडी ही अशी नेहमी खालच्या थरात होते.

तरीही त्या पिढीतले बहुतेक टॉर्च बाहेरून मेले नाहीत, आतून मेले. जस्त-कार्बनच्या सेलमध्ये नवसागर असायचा. कल्हईवाला भांडं तापवून कथील फिरवण्याआधी चिमूटभर टाकतो, तोच. कल्हई करताना तो तापलेल्या धातूवरची घाण आणि ऑक्साइड खाऊन टाकतो, म्हणून कथील नीट धरतं. सेलमध्ये त्याचं काम वेगळं, पण स्वभाव तोच. सेल संपत आला की त्याच्या जस्ताच्या भांड्याला आतून विरघळून छिद्र पडतं आणि तो ओला, खारट रस नळीत उतरतो. बाहेरच्या बाजूला निदान निकेल होतं. आतली बाजू गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तिथला मुलामा नावापुरताच. उरलेला जीव जागा व्हावा म्हणून सेल उन्हात ठेवण्याची आपल्याकडची सवय आणि अगदी शेवटचा मिणमिणता उजेड मिळेपर्यंत तो न बदलण्याची काटकसर, या दोहोंनी मिळून कितीतरी चांगल्या नळ्या खाल्ल्या. सेल फुगून आत अडकला की झाकणही निघेना. अमेरिकेतल्या रे-ओ-व्हॅक कंपनीने १९३०च्या दशकाच्या शेवटी न गळणारा सेल म्हणून पोलादी कवचाचा सेल आणला. टॉर्चच्या आयुष्यात तो कुठल्याही मुलाम्याहून मोठा बदल म्हणायला हवा.

दुसऱ्या महायुद्धाने चकाकी एकदमच बंद केली. अमेरिकी लष्कराचा काटकोनी टॉर्च, टीएल-१२२, सुरुवातीला पितळेचा होता आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा रंग असे. चमकणारी वस्तू सैनिकाला नकोच होती. पण पितळ काडतुसांना हवं होतं, आणि निकेल-क्रोम पोलादाच्या मिश्रधातूंना. पुढची आवृत्ती प्लॅस्टिकची निघाली. तिला मुलाम्याची गरजच नव्हती, कारण रंग थरात नसून प्लॅस्टिकच्या अंगातच होता. ओरखडा पडला तरी खालून हिरवंच दिसणार. टिकाऊपणाचा हा हिशेब लष्कराला पटला आणि काटकोनी प्लॅस्टिकचा टॉर्च अमेरिकी सैनिकांच्या छातीवर पुढे कित्येक दशकं लटकत राहिला. धातूच्या टॉर्चवर प्रेम करणाऱ्यांना हे मान्य करणं जड जातं. पण वर थर न चढवता टिकणारं अंग हवं असेल, तर हा प्रश्न १९४०च्या दशकातच सुटला होता.

भारतात मात्र पितळेची मजल लांबपर्यंत गेली. एव्हरेडीचे सेल आणि टॉर्च विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच अमेरिकेहून इथे येत होते. १९३४ मध्ये कंपनीची इथे नोंदणी झाली, पुढे तिचं नाव युनियन कार्बाइड इंडिया झालं आणि लखनौला टॉर्चचा कारखाना उभा राहिला. अलाहाबादची ‘जीप’ ही तिची जुनी स्पर्धक. गावोगावच्या किराणा दुकानात काचेच्या कपाटात उभे असलेले दोन सेलचे, तीन सेलचे रुपेरी टॉर्च बहुतांशी या दोन घरांचे. ‘जीवन साथी’ हे एव्हरेडीच्या पितळी टॉर्चचं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं होतं. रात्रीची वीज आली की पंप चालू करायला बांधावरून जाणाऱ्याला साप दिसायला हवा, आणि टॉर्च पाटात पडला तर पुसून पुन्हा लागायला हवा. पितळ गंजत नाही, त्यामुळे मुलामा गेला तरी टॉर्च जात नसे. चपटलेली नळी लाकडाच्या दांड्यावर ठोकून गोल करता येई, आणि शहरात आणलाच तर मुलामा चढवणारा कारागीर त्याच्यावर निकेल-क्रोमचा हात फिरवून देई. डिसेंबर १९८४ मध्ये ज्या भोपाळच्या कारखान्यातून वायू सुटला, तो याच युनियन कार्बाइड इंडियाचा. दहा वर्षांनी ती कंपनी कोलकात्याच्या विल्यमसन मॅगोर समूहाकडे गेली आणि सेल-टॉर्चचं नाव पुन्हा एव्हरेडी तेवढं उरलं. पितळेचा भाव चढत गेला, तसा बाजारात आधी ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मग प्लॅस्टिक पसरलं.

ॲल्युमिनियमच्या जाड नळीचा टॉर्च मात्र वेगळ्याच कारणाने जन्मला. लॉस एंजेलिस परिसरातले पोलीस अधिकारी डॉन केलर यांना गस्तीवर मोडणाऱ्या पत्र्याच्या टॉर्चचा कंटाळा आला होता. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमची नळी लेथवर घडवून ‘केल-लाइट’ काढला. त्याच शहरात टोनी मॅग्लिका हे क्रोएशियातल्या झ्लारिन बेटावर वाढलेले यंत्रकारागीर १९५५ पासून गॅरेजमध्ये लेथ चालवत होते. सव्वाशे डॉलरवर धंदा सुरू केल्याची त्यांची गोष्ट अमेरिकेत सर्वांना पाठ आहे. १९७९ मध्ये त्यांचा मॅग-लाइट आला, आणि १९८४ मध्ये दोन पेन्सिल सेलचा मिनी मॅगलाइट. नळी आतूनबाहेरून ॲनोडाइज केलेली आहे, हे ते ठासून सांगत. यातला ‘आतून’ महत्त्वाचा. मुलाम्याच्या टॉर्चला साठ-सत्तर वर्षं जे जमलं नव्हतं, ते इथे आपोआप होत होतं, कारण आम्ल नळीच्या दोन्ही बाजूंना सारखंच पोहोचतं.

मोठा मॅग-लाइट पोलिसांच्या हातात दिवा कमी आणि दंडुका जास्त ठरला. २००४ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी एका संशयिताला अशाच टॉर्चने मारल्याचं चित्रण टीव्हीवर झळकलं, ओरड झाली, आणि २००७ मध्ये त्या दलाने पेलिकन कंपनीचा लहान, हलका, प्लॅस्टिकच्या अंगाचा टॉर्च घेतला. धातूचा टॉर्च पट्ट्यावरून उतरून खिशात जाण्यामागे हेही एक कारण आहे, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं कारण एलईडी.

त्याआधी ॲनोडायझिंगच्या थराची घडण पाहायला हवी. निकेल आणि क्रोम बाहेरून आणून चढवतात. ॲनोडायझिंगमध्ये बाहेरून धातू येत नाही. ॲल्युमिनियमचा तुकडा धन ध्रुव म्हणून गंधकाच्या आम्लात टांगतात, वीज सोडतात, आणि पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड होतो. ही गंधकाम्लाची पद्धत १९२७ मध्ये गोअर आणि ओ’ब्रायन यांनी इंग्लंडमध्ये पेटंट केली. थर अर्धा मूळ धातूच्या आत रुजतो, अर्धा बाहेर वाढतो, त्यामुळे पापुद्र्यासारखा तो सुटत नाही. अमेरिकेत ॲल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीच्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये त्याची सूक्ष्म रचना मांडली: षट्कोनी खणांची दाट जाळी, प्रत्येक खणाच्या मधोमध एक उभं छिद्र. या छिद्रांत रंग भरता येतो. मग उकळत्या पाण्यात ठेवून त्यांची तोंडं बंद करतात. मिनी मॅगलाइटचे लाल, निळे, जांभळे प्रकार असेच रंगले.

याच पद्धतीत आम्ल शून्य अंशाजवळ थंड ठेवलं आणि वीज जास्त घनतेने सोडली, तर आम्लाला थर विरघळवायला सवड मिळत नाही आणि तो जाड, दाट, कठीण होतो. हेच हार्ड ॲनोडायझिंग. १९५०च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांनी ते पक्कं केलं. ग्लेन मार्टिन कंपनीच्या नावावरून ‘मार्टिन हार्ड कोट’ म्हणूनही ते ओळखलं गेलं. मुंबईच्या हॉकिन्सची काळी फ्युच्युरा कढई याच घराण्यातली. अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-ए-८६२५ या मानकात ॲनोडायझिंगचे तीन प्रकार आहेत: पहिला क्रोमिक आम्लाचा, दुसरा गंधकाम्लाचा नेहमीचा, तिसरा हार्ड. तिसऱ्याची जाडी वेगळं सांगितलं नसेल तर सुमारे ५० मायक्रॉन धरतात. तो किती झिजतो हे बघण्यासाठी नमुन्याची पट्टी टेबर यंत्रावर ठेवतात. खरखरीत चाकाखाली, एक किलो भाराने, दहा हजार फेरे. दर हजार फेऱ्यांमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त वजन घटलं की माल नापास. तांबं जास्त असलेल्या मिश्रधातूंना साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे.

आता एलईडीकडे. जपानच्या निचिया कंपनीने १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी आणि १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आणला. काही वर्षांतच एका सेलचा टॉर्च जुन्या तीन सेलच्या टॉर्चला लाजवू लागला. एलईडीला स्वतःची उष्णता बाहेर टाकावी लागते. प्लॅस्टिक ती अडवतं, ॲल्युमिनियम वाहून नेतं. म्हणून खिशातला छोटा टॉर्च धातूचाच राहिला. शिवाय ऑक्साइडचा थर विजेचा दुर्वाहक असतो, हा एक अनपेक्षित फायदा हाती आला. नळीच्या टोकाची कडा उघडी ठेवून तिच्यातून वीज नेतात, पण आटे मात्र ॲनोडाइज करतात. झाकण पाव फेरा सैल केलं की कडेचा स्पर्श तुटतो, आट्यांतून वीज जात नाही, आणि टॉर्च खिशात चुकून लागत नाही. आटे उघडे ठेवले असते तर ही सोय मिळाली नसती. मुलाम्याने विजेच्या कळीचं काम केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

हार्ड ॲनोडायझिंगचं नाव टॉर्चच्या खोक्यावर आणण्याचं श्रेय बरंचसं कॅलिफोर्नियाच्या शुअरफायर कंपनीकडे जातं. बंदुकांवर लेझर आणि दिवे बसवणारी ही कंपनी. तिचे ग्राहक सैनिक आणि पोलीस, म्हणून लष्करी मानकाची भाषा तिच्या तोंडी स्वाभाविक होती. तिच्या न रंगवलेल्या टॉर्चचा मातकट हिरवा-राखाडी रंग हा रंग नव्हताच, तो जाड ऑक्साइडचा मूळ वर्ण. मिश्रधातूचा घाणा, आम्लाचं तापमान, थराची जाडी यांत जरा फरक पडला तरी तो बदलतो. त्यामुळे एकाच टॉर्चचं डोकं, नळी आणि शेपटी तीन छटांची निघे. नव्या ग्राहकाला तो दोष वाटे, आणि शौकिनांना नेमकं त्याचंच आकर्षण. पुढे शेन्झेनच्या कंपन्यांनी ही भाषा जशीच्या तशी उचलली. फेनिक्स असो वा तिचे शेजारी, खोक्यावर ‘एचए-३’ किंवा ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द आलेच पाहिजेत.

या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा? लष्करी मानकातली झिजेची चाचणी सपाट नमुन्यावर होते, टॉर्चवर नाही. टॉर्च मात्र गोल आहे, त्याला कडा आहेत, आणि थराचं खरं मरण कडेवर आहे. ऑक्साइड पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. गोलाईवर सारे खण एकमेकांना चिकटून वर येतात. तीक्ष्ण कडेवर मात्र दोन बाजूंचे खण दोन दिशांना वाढतात आणि मधे फट राहते. तिथला थर जन्मतःच भेगाळलेला. म्हणूनच जाणता कारखाना आधी कडा घासून बोथट करतो आणि मग आम्लात घालतो. जुन्या टॉर्चच्या डोक्याचा काठ, शेपटीचा किनारा आणि पकडीच्या चौकटींचे माथे चांदीसारखे उघडे पडलेले दिसतात, त्याला एकट्या वापराला जबाबदार धरता येत नाही. निकेलच्या काळात मुलाम्याखालचं पितळ डोकावलं तेही कंगोऱ्यांच्या माथ्यावरच. तेव्हा कारण झीज होतं, आता झिजेला थराच्या वाढीचाही हातभार लागतो.

दुसरा शत्रू धूळ. हार्ड ॲनोडायझिंगची कठीणता विकर्सच्या मापात साधारण चारशे ते पाचशेच्या घरात असते, पितळेच्या किल्लीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे किल्ली किंवा नाणं थराला सहसा कापत नाही. उलट स्वतःच्या धातूची रेघ त्यावर सोडून जातं. खिशातून काढलेल्या काळ्या टॉर्चवर दिसणारे निम्मे ओरखडे असे उसने असतात आणि पेन्सिलीच्या खोडरबराने जातात. खरा ओरखडा काढते ती वाळू. क्वार्ट्झचा कण ऑक्साइडहून कठीण आहे, आणि खिशाच्या शिवणीत तो नेहमीच असतो. ‘नीलमणीइतका कठीण थर’ असली जाहिरात म्हणूनच मनावर घेऊ नये. नीलम हाही ॲल्युमिनियमचा ऑक्साइड खरा, पण तो स्फटिक आहे. आम्लाच्या टाकीत वाढलेला थर तसा नसतो.

तिसरा शत्रू धक्का. ५० मायक्रॉनचा कठीण थर मऊ ॲल्युमिनियमवर बसलेला असतो, म्हणजे गादीवर ठेवलेली काच. सिमेंटवर पडल्यावर खालचा धातू दबतो आणि वरचा थर तिथेच तडकतो. हिऱ्यासारख्या कार्बनचे आजकालचे थर कठीणपणात ॲनोडायझिंगला सहज मागे टाकतात, पण जाडी दोन-चार मायक्रॉनच, आणि ते मऊ धातूवर दिले तर त्यांनाही हीच व्यथा जडते. टिटॅनियमच्या अंगावरचे निळे-जांभळे रंग आणखी नाजूक. ते रंगद्रव्याचे नसून अतिपातळ ऑक्साइडमधून प्रकाशकिरण एकमेकांत मिसळल्याने दिसतात. थर नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो, आणि रोज खिशात जाणाऱ्या क्लिपखालचा रंग पहिल्या काही महिन्यांतच उतरतो. टिटॅनियम स्वतः गंजत नाही, पण त्याचे आटे एकमेकांना धरून बसतात, हा एक वेगळाच त्रास.

उन्हाचंही एक काम असतं. काळ्या ॲनोडायझिंगच्या छिद्रांत भरलेला रंग सहसा सेंद्रिय असतो. गाडीच्या काचेमागे वर्षानुवर्षं पडून राहिलेला काळा टॉर्च हळूहळू तपकिरी किंवा जांभळट होतो. थर तसाच शाबूत राहतो, जातो तो फक्त रंग. न रंगवलेल्या हार्ड थराला हा रोग नाही.

आणि पुन्हा एकदा आतून येणारं मरण. ॲनोडायझिंग वाळू, घाम, खारं पाणी यांच्याशी बऱ्यापैकी लढतं, पण अल्कलीपुढे हात टेकतं. लुईस अरी यांनी एव्हरेडीच्या मूळ अमेरिकी कंपनीत १९५०च्या दशकाच्या शेवटी विकसित केलेल्या अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, आणि ते ॲल्युमिनियमचा ऑक्साइड विरघळवतं. पाठोपाठ खालचा धातूही. पेन्सिल सेल गळला की नळीत पांढरी खरवड जमते आणि सेल असा रुतून बसतो की ड्रिल लावल्याशिवाय निघत नाही. नवसागराच्या जागी पोटॅश आलं, पितळेच्या जागी ॲल्युमिनियम, पण नळी आतूनच खाल्ली जाते. ज्यांच्या टॉर्चमध्ये लिथियम किंवा रिचार्जेबल सेल असतात, त्यांना ही भीती बरीच कमी. टॉर्चचं अंग टिकवायचं असेल तर मुलाम्याआधी सेलकडे बघावं, हे शहाणपण १९३०च्या दशकातही खरं होतं.

या सगळ्याचं मोजमाप मात्र कुणी करत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये टॉर्चसाठी एफएल-१ हे मानक आलं. उजेड किती, किती वेळ, किती लांब, झोताचा जोर किती, पडल्यावर चालतो का, पाणी शिरतं का, याची सहा चित्रं आता जगभरच्या खोक्यांवर असतात. अंगावरचा थर किती झिजतो, यासाठी सातवं चित्र नाही. त्यामुळे लष्कराकडून उसना घेतलेला ‘तिसरा प्रकार’ हाच एकमेव शब्द बाजारात चालतो, आणि त्या शब्दामागे ५० मायक्रॉन आहेत की २५, हे खोकं सांगत नाही. ज्यांना हा खेळच नको, ते उघड्या तांब्या-पितळेचे टॉर्च घेतात. मुलामाच नाही म्हटल्यावर उडणार काय? शंभर वर्षांपूर्वी ज्या काळवंडण्यापासून पितळ लपवायला निकेल आणलं, त्याच काळवंडण्याला आता पैसे जास्त पडतात.

थर गेल्यावर तो परत देता येतो का, याचं उत्तर पितळेच्या काळात सोपं होतं. भोसरीत किंवा साकीनाक्याला मुलाम्याच्या कामाची वाण नव्हती. ॲनोडायझिंगला ठिगळ लागत नाही. जुना थर कॉस्टिकमध्ये पूर्ण उतरवावा लागतो आणि मग नवा वाढवावा लागतो. पण जुन्या थराचा अर्धा भाग मूळ धातूतूनच आलेला असतो, त्यामुळे थर उतरवला की माप घटतं. आट्यांच्या उताराला दोन बाजू असतात, तिथे बदल चौपट जाणवतो. मूळ कारखान्यातला लेथवाला हा हिशेब आधीच धरून आटे सैल कापतो. दुसऱ्यांदा ॲनोडाइज केलेल्या टॉर्चचं झाकण खुळखुळतं, रबरी कडी घट्ट बसत नाही आणि पाणी आत शिरतं. त्यामुळे हे काम करणारे जाणकार आधी आट्यांवर लाख किंवा मेणाचा लेप देतात. तेवढी जागा जुन्याच थरावर ठेवून बाकीचं अंग तेवढं ते नवं करतात.